हरकत क्रमांक २६३

४ सप्टेंबर

प्रति,
हवा विभाग, नियम शाखा (म्हणजे तू).
विषय : स्वच्छ ट्रक नियमाच्या मसुद्यावर हरकत.

मोजपट्टी,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट फाडून टाकायचा विचार आला असेल तर आधी तुमचाच मसुदा उघड, शेवटचं पान. 'सुनावणीच्या दिवसापर्यंत आलेली प्रत्येक लेखी हरकत नोंदवली जाईल व तिला लेखी उत्तर दिले जाईल.' प्रत्येक! दीड वर्ष तू माझा फोन घेत नाहीस, मर्जी तुझी. पण ही हरकत आहे. ही तुला घ्यावीच लागेल, नंबर घालावा लागेल आणि उत्तरही द्यावं लागेल. मुदत चाळीस दिवसांची आहे. चाळीस दिवस मी हरकती घेणार.

तू तिथे आहेस हे कसं कळलं? मसुद्याखाली तीन सह्या आहेत, त्यातली शेवटची, सगळ्यात बारीक. ट्रकमालक संघटनेच्या ऑफिसात सगळे मसुद्यावर तोंडसुख घेत होते आणि मी त्या सहीकडे बघत बसलो होतो. अध्यक्षकाका म्हणाले, "काय रे अडीच, सापडला का काही मुद्दा?"

म्हटलं, सापडला.

हो, इथे मला अडीच म्हणतात. चार वर्षांतली अडीच करून कॉलेज सोडून आलो म्हणून. पहिल्या महिन्यात यावरून दोघांची कॉलर धरली. मग म्हटलं जाऊ दे, बुद्धिबळातला घोडासुद्धा अडीचच घरं जातो, आणि त्याला कुणी नापास म्हणत नाही.

आता हरकत. बारा वर्षांवरचा ट्रक पुढच्या वर्षापासून शहराच्या हद्दीत नको, आणि नवा घ्याल तो बॅटरीवरचा घ्या, असं तुम्ही म्हणता. बाबांचे चार ट्रक आहेत. सगळ्यात धाकटा चौदा वर्षांचा. चारही विकले तर बॅटरीवरचा अर्धा ट्रक येईल, तोही पुढचा अर्धा. माल मागच्या अर्ध्यात भरतात. आणि चार्जिंग? सगळ्यात जवळची जागा सिनेमागृहाच्या तळघरात, मोटारींसाठी. आमचा ट्रक तिथे घालायचा तर आधी सिनेमागृह उचलून बाजूला ठेवावं लागेल.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला. आणि त्या शेळ्यांत बाबा आहेत हे तुला माहीत होतं. त्यांच्याच ट्रकच्या सायलेन्सरला आपण पांढरं फडकं बांधून धूर मोजला होता. तू काजळी तोलत होतीस, मी क्लचवर पाय ठेवून बसलो होतो. कॉलेजच्या त्या प्रकल्पाच्या फाइलवर दोन नावं होती. मग एकच राहिलं. दुसरं कसं खोडलं गेलं ते तुला माहीत आहे. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

उत्तराची वाट पाहतो. कायद्यानं.

अडीच

१२ सप्टेंबर

मोजपट्टी,

आलं! 'आपली हरकत क्र. २१७ नोंदवण्यात आली आहे. चार्जिंगच्या जागेचा मुद्दा विचाराधीन आहे. उर्वरित मजकूर वैयक्तिक स्वरूपाचा असल्याने उत्तराची आवश्यकता नाही.'

मी ते अकरा वेळा वाचलं. आई म्हणाली, "कुणाचं पत्र?" म्हटलं, सरकारचं. म्हणाली, "सरकारी पत्राला इतकं दात काढून हसणारा पहिलाच पाहिला."

पण मला हसू आलं ते शेवटच्या ओळीचं. 'तसेच माल भरण्याच्या यार्डात ट्रक सरासरी किती वेळ उभे असतात व त्या वेळी इंजिन सुरू असते काय, याची माहिती असल्यास कळवावी.' हे छापील नाही. हे तू विचारलंयस. दीड वर्षात पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारलंयस, आणि काय, तर इंजिन! चालेल. मला चालतं.

मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. संघटनेच्या एकेचाळीस सभासदांच्या हरकती मी एकटा लिहितोय. लोक येतात, खुर्चीवर बसतात, म्हणतात, "लिही, लिही, तुझं चालतं डोकं." काय लिहू विचारलं तर म्हणतात, "जोरदार लिही." टायरवाला म्हणाला, "माझ्या हरकतीत रडू येईल असं काहीतरी घाल." म्हटलं, तुला स्वतःला काय वाटतं? म्हणाला, "मला वाटायला वेळ कुठाय?" अध्यक्षकाकांचे तीस ट्रक आहेत, पण त्यांचीही हरकत एका ट्रकवाल्याच्या तोंडून लिहायची. "मोठ्याचं रडं कुणी ऐकत नाही रे," म्हणाले.

आता तुझं इंजिन. हे फक्त तुला सांगतोय.

आमच्या यार्डात रांगेचे नंबर लिहीत नाहीत. एकच कायदा : इंजिन चालू तो रांगेत. बंद केलंस म्हणजे तू झोपलास, जेवायला गेलास, मेलास. मागचा पुढे जातो आणि कुणी काही बोलत नाही. ड्रायव्हर डबा खातात ते इंजिन चालू ठेवून, दाढी करतात तीही. बाहेरचा कुणी नवखा इंजिन बंद करून पाणी प्यायला उतरला की परत येईपर्यंत नऊ गाड्या पुढे.

हा कायदा कुणी केला ठाऊक आहे? बाबांनी. मी पाचवीत होतो. ड्रायव्हर गाड्या रांगेत लावून घरी निघून जायचे, त्यावरून यार्डात पाने आणि जॅक घेऊन मारामारी झाली, एकाचा हात मोडला. बाबा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याचं इंजिन चालू, तो रांगेत. संपलं." खरंच संपलं. त्यानंतर एकही मारामारी नाही. आजही लोक म्हणतात, यार्डात कायदा कुणाचा, तर आमच्या बाबांचा.

किती वेळ उभे असतात ते माहीत नाही. मोजतो. तुझ्यासाठी मोजतो, सरकारसाठी नाही.

अडीच

१९ सप्टेंबर

मोजपट्टी,

सोबतच्या कागदावर तीन दिवसांची मोजणी आहे. तू शिकवलीस तशीच : गाडी आल्याची वेळ, भरायला लागल्याची वेळ, मध्ये इंजिन किती बंद. अंदाज नाही, 'साधारण' नाही.

वजनकाट्यावरच्या मावशींच्या केबिनमध्ये बसून मोजलं. काट्याची खिडकी रांगेच्या अगदी नाकासमोर आहे. मावशी दिवसातून चार वेळा काच पुसतात. फडकं आधी पांढरं, मग राखाडी, मग विचारू नकोस. मी म्हटलं, मावशी, खिडकी उघडीच ठेवा की, पुसायला तरी नको. तशा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंजिनियर होतास ना अर्धा? काच पुसता येते रे बाबा. छाती कशी पुसू?"

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो, हे लिहून ठेव कुठेतरी.

दिवसाला अठ्ठावन्न गाड्या. एक गाडी सरासरी तीन तास दहा मिनिटं उभी. त्यात इंजिन बंद बारा मिनिटं. आणि तीच गाडी माल घेऊन शहरात धावते किती, तर दोन तास. म्हणजे धावताना दोन तास धूर आणि उभ्या उभ्या तीन तास. तीन वेळा गणित केलं, उत्तर तेच. रस्त्यापेक्षा रांगेतच जास्त वेळ जळतंय, मोजपट्टी! आम्ही तुम्हाला शिव्या घालतोय आणि इथे आमच्याच बुडाखाली...

पुढचं लिहीत नाही. कागद बघ. पेनचं टोपण अजून चावतेस का?

अडीच

१ ऑक्टोबर

मोजपट्टी,

हे काय केलंस?

दोन कागद आले. पहिला सहन केला. 'एकूण एकेचाळीस हरकतींमध्ये "पोटावर पाय" हा शब्दप्रयोग आढळतो. सदर हरकती एकाच व्यक्तीने लिहिल्या आहेत काय?' बरं, पकडलंस. दुसरा शब्द सुचला नाही त्या वेळी. टायरवाल्याच्या हरकतीत तर दोनदा आहे, त्याला रडू हवं होतं.

पण दुसरा कागद! सुनावणी दहा तारखेला, इथल्याच सभागृहात, आणि सोबत हरकतींची यादी. 'प्रत्येक क्रमांक पुकारला जाईल. अर्जदाराने उभे राहून दुजोरा द्यावा. दुजोरा न दिल्यास हरकत रद्द समजली जाईल.' आणि त्यात, माझ्या नावासमोर : 'क्र. २६३ : यार्डातील रांगेत इंजिन सुरू ठेवण्याची प्रथा, प्रत्यक्ष मोजणी.'

मी तुला पत्र लिहिलं होतं. तुला! नंबर तुला उत्तर द्यायला भाग पाडण्यासाठी होता, चारचौघांत वाचायला नव्हता. हो, माहीत आहे, नियम मीच तुझ्या तोंडावर मारला होता. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, तोही सरकारी टपालानं.

अध्यक्षकाकांनी यादी वाचली. बोट ठेवून म्हणाले, "अडीच, हे टायपिंगची चूक असेल ना?"

मी यादी पुन्हा वाचायला घेतली.

"चूकच आहे," ते म्हणाले. "अरे, आपण तिथे सांगणार की आमच्या गाड्या चोख आहेत, आणि तू सांगणार की आम्ही दिवसभर फुकटचा धूर काढतो? नंबर पुकारला की छताकडे बघ. तिथे पंखे आहेत. मोज. तुला मोजायची हौस आहे ना?" आणि जाता जाता म्हणाले, "तुझ्या बाबांना सांगितलंयस?"

नाही सांगितलं. काय सांगू? तुमचा कायदा, ज्यावर अख्खं यार्ड तुम्हाला मान देतं, तो मी एका मुलीला लिहून पाठवला, का, तर तिनं विचारलं म्हणून?

कागद गहाळ कर ना. सरकारी कचेरीत कागद गहाळ होत नाहीत असं कुणी म्हटलं तर कुत्रंसुद्धा हसेल. एक कागद. माझ्यासाठी नको तर बाबांसाठी. त्यांनी तुला धूर मोजायला ट्रक दिला होता, वर म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, तू नुसता क्लच दाब." आठवतं?

कर ना गहाळ.

अडीच

८ ऑक्टोबर

उत्तर मिळालं. 'नोंदवलेला कागद गहाळ करता येत नाही. दुजोरा देणे अथवा न देणे हा अर्जदाराचा अधिकार आहे.' शिक्का. सही. आणि शिक्क्याखाली पेननं, तुझ्या हातानं, चार शब्द : 'तो त्या दिवशीही होता.'

वाचलं, 'तो' म्हणजे अधिकार हे कळलं, आणि कागद चुरगळून भिंतीवर मारला. मग उचलून सपाट केला. मग पुन्हा मारला. आई बाहेरून म्हणाली, "सरकार आता काय म्हणतंय?"

तू म्हणतेस तो दिवस मला रोज आठवतो. परीक्षकानं फाइल उघडून तुला विचारलं, "काम तर तुमचंच दिसतं, या मुलानं काय केलं, फक्त ट्रक आणला?" आणि हसला. तू उत्तर द्यायला तोंड उघडलं होतंस. मी थांबलो नाही. डोक्यात राख घालून घेणं हा आमच्याकडे वंशपरंपरेचा धंदा आहे, ट्रक नंतर आले. मला पुकारलं तेव्हा मी खोलीत नव्हतो, हे खरं. एवढंच खरं लिहितो. बाकीचं आज जमणार नाही.

परवा सुनावणी. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. म्हणाले, "पोरानं एकेचाळीस जणांची बाजू मांडलीय, ऐकायला गेलं पाहिजे."

मी आज यार्डात सात फेऱ्या मारल्या. पायी. काही कारण नव्हतं.

अडीच

१४ ऑक्टोबर

मोजपट्टी,

मुदत संपून चार दिवस झाले. या पत्राला नंबर पडणार नाही आणि तुला उत्तर द्यायचं बंधनही नाही. म्हणून आता नीट लिहितो.

तू होतीस तिथे. टेबलाच्या टोकाला, फायलींच्या मागे. चष्मा नवीन आहे. तुला दिसलं तेवढं तुला माहीतच आहे, पण आमच्या रांगेतून काय दिसत होतं ते सांगतो. अध्यक्षकाका माझ्या डावीकडे, बाबा उजवीकडे. एकेचाळीस जण नंबर पुकारला की उठून "होय, माझीच" म्हणत होते; टायरवाला तर "होय, माझीच, पोटावर पाय" म्हणून बसला. लोक हसले. मीही हसलो असतो, पण मी वर बघत होतो. छताला आठ पंखे होते. मोजून झाले.

मग तू म्हणालीस, "क्रमांक दोनशे त्रेसष्ट." आणि माझं नाव. पूर्ण नाव. यादी तुझ्या हातात होती, तरी तू मान वर करून पुकारलंस.

अध्यक्षकाकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबा यादी बघायला लागले, कुठला नंबर, कुणाचा. त्यांचं बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं. तू दुसऱ्यांदा पुकारलंस. मला वाटलं, तिसऱ्यांदा पुकारणार नाही. त्या दिवशीही परीक्षकानं दोनदाच पुकारलं होतं म्हणे.

उभा राहिलो. "होय. माझीच आहे. मोजणीही माझीच."

मग जो गोंधळ झाला तो तू नोंदवलाच असशील. अध्यक्षकाका माझ्या अंगावर ओरडले, "घरभेदी! अडीच वर्षं शिकून हे शिकलास?" तुमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, ही प्रथा खरी का. सगळे आपापल्या चपला बघायला लागले. आणि माझ्या उजवीकडची खुर्ची वाजली. बाबा उठले. इस्त्रीच्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती.

"खरी आहे साहेब. मीच घातली. तेव्हा भांडण मिटत होतं."

"आणि आता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी पूर्वी अनुभवलेलं नाही. राग असता तर ओळखला असता. म्हणाले, "आता हा सांगेल."

मला काही पाठ नव्हतं. एकेचाळीस हरकती लिहिल्या, पण स्वतःची बोलायची वेळ आली तेव्हा एकसुद्धा वाक्य तयार नव्हतं. जे तोंडात आलं ते बोललो. की साहेब, गाड्या जुन्या आहेत, धूर आहे, आम्ही चोख वगैरे नाही. पण पाच तासांतला तीन तासांचा धूर आम्ही उद्या सकाळी बंद करू शकतो, नवा ट्रक न घेता, नुसती किल्ली फिरवून आणि नंबराची चिठ्ठी देऊन. तो बंद झाला की पुन्हा मोजा. आणि त्या बदल्यात दोन-चार गाड्यांवाल्यांना तीन वर्षं द्या. तीस गाड्यांवाल्यांनी आपलं आपण बघावं. (इथे अध्यक्षकाकांनी माझा शर्ट मागून ओढला.) बोलता बोलताच मला कळलं की आमची चूक हाच आमचा सगळ्यात मोठा मुद्दा होता, आणि आम्ही एकेचाळीस कागदांत तोच लपवत होतो. तुला हे कळलं होतं का, प्रश्न विचारलास तेव्हाच? कळलं असणार.

तू एकच विचारलंस. "मोजणी कोणत्या घड्याळाने केली?"

"काट्यावरच्या."

तू लिहून घेतलंस. नंतर चष्मा वर सरकवलास. त्यात हसू होतं की नुसता चष्मा घसरला होता, यावर मी चार दिवस विचार करतोय.

परतताना बाबा ट्रक चालवत होते. आधी आरसा नीट केला. मग म्हणाले, "हीच ना ती? तुझं नाव खोडणारी? आज तर तिनं तुला पूर्ण नावानं पुकारलं."

मोजपट्टी, मी घरी, यार्डात, कॉलेजातल्या सगळ्यांना हेच सांगितलं होतं, की माझं नाव फाइलवरून तू खोडलंस. तुझ्या कानावर ते आलं आणि तू फोन घेणं बंद केलंस. पहिल्या पत्रातसुद्धा मी 'खोडलं गेलं' असं लिहिलं, जणू ते आपोआप पुसलं गेलं. मी खोडलं होतं. परीक्षक हसला आणि मी त्याच्याच टेबलावरचं पेन उचलून माझं नाव काट मारून खोडलं, फाइल आपटली आणि निघालो. पेनही घेऊन आलो. अजून आहे.

मी म्हटलं, "बाबा, नाव मीच खोडलं होतं."

त्यांनी गिअर बदलला, पुढचा सिग्नल आला. सिग्नलला गाडी थांबली.

"म्हणजे वर्षभर मी त्या पोरीला उगाच शिव्या घातल्या."

"दीड वर्ष."

"दीड," ते म्हणाले. "मोजतोस चांगलं." आणि सिग्नल लाल होता तेवढ्यात त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी कधी पाहिलं नव्हतं बाबांना वाटेत कुठे इंजिन बंद करताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात ते स्वतः गाडी घेऊन गेले. रांगेत सातवा नंबर. इंजिन बंद केलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि गाडीपुढे जाऊन उभे राहिले. मागून अध्यक्षकाकांचा ड्रायव्हर आला, शेजारी गाडी घेऊन म्हणाला, "काका, झोपलात का? जाऊ का पुढे?"

बाबा म्हणाले, "इंजिन नाही, मी आहे रांगेत. जायचं तर जा."

तो गेला. त्याच्या मागचा गेला. तिसराही गेला, पण खाली मान घालून. चौथा टायरवाल्याच्या मेव्हण्याचा ट्रक. तो थांबला, बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला, आणि मग त्यानं बंद केलं. त्याच्या मागच्यानं बंद केलं ते बाबांना बघून नाही, कंटाळून असेल. मी मावशींकडून वजनाच्या कोऱ्या पावत्या आणल्या, मागे नंबर लिहिले आणि वाटत सुटलो. दोघांनी पावती फेकली. एकानं विचारलं, "यात माझं नाव नाही लिहिलंस?" लिहिलं.

दुपारपर्यंत अठ्ठावन्नांतल्या एकवीस गाड्या बंद होत्या. आज चौतीस. बाकीच्या चालू आहेत, त्यातल्या बहुतेक कुणाच्या ते तू ओळख. अध्यक्षकाकांनी मला संघटनेच्या कामातून काढलंय, म्हणजे पगार नसलेल्या नोकरीवरून. तुमचा नियम शेवटी कसा येईल, बाबांना तीन वर्षं मिळतील की नाही, काही माहीत नाही. मी रोज मोजतोय. लागलं तर कागद माझ्याकडे आहेत.

काल मावशींनी खिडकी अर्धी उघडली. थोडा वेळ. मग म्हणाल्या, "अजून वास येतो," आणि लावून घेतली. पण आज पुन्हा उघडून बघितली.

कॉलेजात चौकशी केली. अडीचच्या पुढचं दीड अजून करता येतं म्हणे, पहिल्यापासून नाही. अर्जावर नाव लिहिलंय. त्याच पेननं.

बाबांनी सांगितलंय की तुला त्यांची माफी कळव. माझी मी वेगळी मागतो : चूक झाली, मोजपट्टी. तू उत्तर दिलंस तर, नाही दिलंस तर... मी घाईचा माणूस आहे, तुला माहीत आहे, हे पत्र टाकल्यापासून मी रोज टपालवाल्याला पिडणार. पण या वेळी हॉर्न वाजवणार नाही. इंजिन बंद करून उभा आहे. मी आहे रांगेत.